भेवमावशीची छाटणी

कुकरची शिट्टी होईपर्यंत भेवमावशी स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नसत. कुकर चढवला की बाहेरच्या खोलीत यायच्या, कानांवर पदर घेऊन बसायच्या, आणि शिट्टी झाली की दचकून म्हणायच्या, "झाली बापा एकदाची." हे रोज. दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं तेही भीतीच्या हिशोबाने: तळमजल्यावर चोर आणि फार वर गेलं की लिफ्ट, मध्ये जेवढी जागा उरते तेवढ्यात या. आभाळात ढग दिसला की घरातले सगळे प्लग काढून ठेवायच्या. गडगडायची वाट पाहत बसायच्या नाहीत. पर्समध्ये गल्लीतल्या कुत्र्यांसाठी बिस्किटं असायची. ती प्रेमाने नव्हे. खंडणी म्हणून.

आणि मी कोण? चौकात टेबलावर उभी राहून "भीती गाडा" म्हणून ओरडणारी मुलगी. भित्र्या माणसांचा मला मनापासून राग यायचा. या देशात जे जे अडलं आहे ते भित्र्यांमुळे अडलं आहे, असं मी पत्रकात लिहीत असे, ठळक टायपात. तरीही आज मी या बाईंबद्दल लिहिते आहे, कारण मला जे काही नीट शिकवलं गेलं ते त्यांनी शिकवलं, आणि ते शिकताना मी त्यांच्याशी भांडले नाही असा एक दिवस नव्हता.

भेवमावशी हे नाव पुढे एका गावाने ठेवलं. आपल्याकडे भीतीला भेव म्हणतात. मावशी नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला एकट्या राहायच्या. वडील, आजोबा कचेरीत कारकून. कागदावर सही करण्याआधी तो उलटून मागची बाजूही पाहायची, ही घराण्याची रीत. मावशींनी कॉम्प्युटर शिकून दुसऱ्या शहरात बरीच वर्षं नोकरी केली. बसच्या कंडक्टरच्या हातात तिकिटाचं यंत्र असतं ना, त्याच्या पोटातलं सॉफ्टवेअर त्या लिहायच्या. इवलंसं यंत्र, इवलीशी बॅटरी, आणि बटण दाबलं की लगेच जागं व्हायला पाहिजे, नाहीतर प्रवासी उतरून जातो. आई आजारी पडली म्हणून त्या परत आल्या. आई गेली, या राहिल्या.

मी त्यांच्याकडे गेले ती पारशिवनी तालुक्यातल्या एका गावासाठी. गावाचं नाव लिहीत नाही, तशी गावं पेंचच्या जंगलाला लागून पुष्कळ आहेत आणि सगळ्यांचं दुखणं एकच आहे. शेतीची लाइन, म्हणजे वीज, रात्रीची येते. म्हणजे हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर दिवेलागणीला घरातून निघायचं, पांदणीने, शेताकडच्या गवतातल्या वाटेने, नाला ओलांडायचा आणि वाघाच्या वाटेवर उभं राहून ओलीत करायचं. हे कोणी ठरवलं? ज्याच्या घरात बटण दाबलं की पंखा फिरतो, त्याने. त्या गावातल्या देवरावभाऊंचा धाकटा भाऊ असाच मोटर सुरू करायला गेला. तो नाल्याच्या पलीकडे सापडला. मी ते पाहिलं आहे, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

आमच्या संघटनेतल्या इंजिनियरिंगच्या पोरांनी मग एक यंत्र केलं. तळहाताएवढा कॉम्प्युटर, वर सोलरची पाटी, समोर अंगाची ऊब ओळखणारा डोळा. डबा नाल्याच्या उताराला पळसाच्या झाडावर बांधायचा. काही मोठं, गरम अंगाचं समोर आलं की डोळा कॉम्प्युटरला उठवणार, कॉम्प्युटर उठून त्याच डोळ्यातून पुन्हा एकदा पाहणार, खरंच काही चालतंय की नुसती उन्हाची झळ, आणि खात्री झाली की गावाच्या टोकाला, पांदणीच्या तोंडाशी खांबावर लाल दिवा लावणार. कागदावर झकास. प्रत्यक्षात कॉम्प्युटर डोळे चोळून उठेपर्यंत समोरून बैलगाडीसुद्धा निघून जायची, मग वाघाचं काय. त्याला कायम जागं ठेवलं तर अंधार पडतो न पडतो तोच बॅटरी बसायची.

मावशींनी दार साखळी लावूनच उघडलं. मी फटीतून यंत्राची पिशवी दाखवली आणि ओळख म्हणून आमचं पत्रक आत सरकवलं. वर मोठ्या अक्षरात होतं: "घाबरू नका, एकत्र या!" मावशींनी कानामागचं पेन काढलं, पहिले दोन शब्द खोडले आणि पत्रक परत दिलं.

"हे काहून खोडलं?" मी विचारलं.

"घाबरू नका म्हटल्यानं कोणी घाबरायचं थांबते का वं? नुसती जागा खाऊन राहिले ते शब्द. एकत्र या, एवढंच पुरे." मग साखळी काढली. "चपला बाहेर नको काढू, चोरीला जातील. आत घेऊन ये."

त्यांचं काम पाहिलं आणि कळलं की ही खोडायची सवय नव्हे, धंदा आहे. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरचा मूळ कारभारी. यंत्रात वीज शिरली की सगळ्यात आधी तो उठतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. पोरांनी तो मिळतो तसा अख्खा बसवला होता, आणि अख्ख्या कर्नेलला जगातल्या प्रत्येक वस्तूची ओळख असते: प्रिंटर, टीव्ही, माइक, शंभर कंपन्यांचे वायफाय. उठला की तो एकेकाला हाका मारत बसतो, तू आहेस का, तू आहेस का. मावशींचं काम म्हणजे त्याला ही सगळी ओळख विसरायला लावणं. पडद्यावर लांबच लांब यादी असायची, एकेका ओळीला हो किंवा नाही. मावशी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारायच्या: "याच्यावाचून कोण मरून राहिलं?" कोणी मरत नसेल तर नाही.

"प्रिंटर. वाघाची पावती फाडायची आहे का आपल्याला? नाही. आवाजाचं. नाल्यात गाणं कोण ऐकते? नाही. हे काय, ब्लूटूथ. वाघ काय मोबाइल घेऊन येते?"

हसत नव्हत्या हां. हे सगळं त्या घाबऱ्या चेहऱ्याने बोलायच्या, कारण प्रत्येक छाटणीत भलतंच काही तुटायची भीती होती. एकाच्या मुळ्या दुसऱ्याच्या खाली गेलेल्या असतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट काढायची, कर्नेल नव्याने बांधायचा, कार्डावर चढवायचा, चालवून पाहायचा. चालला तर ते नखाएवढं कार्ड मसाल्याच्या डब्यात ठेवायचं. खरोखरच्या मसाल्याच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत कालचं, हळदीच्या वाटीत परवाचं. "जे चालते ते हातात ठेवल्याशिवाय नवं करू नये," त्या म्हणायच्या. मला हे फार संथ वाटे. क्रांती अशी वाटीवाटीने होत नाही, असं मी एकदा म्हणाले. "तुझी होत नसेल," त्या म्हणाल्या.

खरं भांडण कॅमेऱ्यावरून झालं. यंत्रात कॅमेरा होता आणि तो मला हवा होता. वाघाचा फोटो म्हणजे पुरावा. अधिकाऱ्याच्या टेबलावर आपटता येतो, पेपरात येतो, "दिवसा लाइन द्या" या मागणीला दात येतात. मावशींनी यादीतल्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"हे राहू द्या. याच्यावाचून माणसं मरतात, मावशी. पुराव्यावाचून."

"किती वेळ खाते हा उठायला, पाहिलं ना तू?"

"थोडासा."

"तेवढ्या थोड्याशात तो पांदणीला लागते. फोटो मेल्यावर लागते वं पोरी. मला त्याच्या आधीचं पाहिजे." आणि माझा हात बाजूला करून त्यांनी कॅमेरा छाटला. मी दार आपटून गेले. जिन्यात त्यांचा आवाज आला, "कठड्याले हात नको लावू, गंजला आहे!"

रागावून किती दिवस राहणार? परत गेले तेव्हा खोलीतलं सामान भिंतीला लावलेलं होतं. खिडकीपासून कपाटापर्यंत खडूने एक रेघ. त्या उतारावर डोळ्याला जेवढं दिसतं तेवढीच रेघेची लांबी. "तू वाघ हो," मावशी म्हणाल्या. "चाल. पळू नको, तो पळत नाही. त्याला काय घाई?" मी खिडकीपासून निघाले. टेबलावरचं यंत्र जागं व्हायला लागलं. मी कपाटापाशी पोचले आणि त्यानंतर, थोड्या वेळाने, टेबलावरचा लाल दिवा लागला. "गेला," मावशी म्हणाल्या. "पोचला तिकडे." पुन्हा छाटणी, पुन्हा मी वाघ. दिवसभर. प्रत्येक वेळी मी निघाले की मावशी खुर्चीत पाय वर घ्यायच्या. समोर मी आहे, सलवार-कुडत्यात, त्यांच्याच हातची सांबारवडी खाल्लेली, हे माहीत असून त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मला हसू यायचं ते तिसऱ्या-चौथ्या फेरीला थांबलं. मलाही त्या रेघेवर चालताना कोणाच्या तरी मागे चालल्यासारखं वाटू लागलं.

शेवटी एकदा मी अर्ध्या रेघेवर असताना दिवा लागला. मी ओरडले, मावशी नाही. त्या यादीतल्या कीबोर्डच्या ओळीवर बोट ठेवून बसल्या होत्या. "हा काढला की मग ते माझंही ऐकणार नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिथे झाडावर, आपलं आपण. बिघडलं तरी सांगायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही." काही वेळ बोट तसंच ठेवलं. मग काढला.

सगळ्यात शेवटी छाटला तो हिरवा. पोरांनी खांबावर लाल दिव्याशेजारी एक छोटा हिरवा दिवाही लावला होता. थोड्या थोड्या वेळाने यंत्र आपणहून उठायचं आणि हिरवा लुकलुकवायचं, मी जागा आहे असं सांगायला. त्या उठबशीत बॅटरी जायची. मावशींनी ओळीवर बोट ठेवलं, स्वतःशी विचारलं, "याच्यावाचून कोण मरून राहिलं?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "कोणीच नाही."

डबा बांधायला त्या स्वतः आल्या. पारशिवनीच्या एसटीत संकटकाळी बाहेर पडायच्या दाराला खेटून बसल्या. पांदणीत शिरल्यावर त्यांनी माझी ओढणी मुठीत धरली ती नाल्यापर्यंत सोडली नाही. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचं गवत. पलीकडच्या झाडावर माकडं बसली होती आणि त्यातलं एकही आवाज करत नव्हतं. "ही गप काहून आहेत?" मावशींनी विचारलं. देवरावभाऊ झाडावर चढून डबा आवळत होते. "बोल्ले असते त मंग भ्याचं होतं, मावशी. गप हायेत म्हनजे तो नाई." खाली वाळूत ठसे होते. जुने, कडा ढासळलेले. मावशींनी आपला पाय त्या ठशाशेजारी ठेवून पाहिला आणि लगेच मागे घेतला. परतताना त्या जवळजवळ पळत होत्या, आणि देवरावभाऊ मागून म्हणाले, "मावशी, एवढं भेव त हरनाले बी नसन! आमची भेवमावशी!" गाव हसलं. नाव बसलं.

दिवा चालला. संध्याकाळी लाल व्हायचा, आणि सकाळी जाऊन पाहावं तर वाळूत ताजे ठसे. गावात आनंद. मी आमच्या सभेत छाती काढून सांगितलं. आधी माणसं चौघं-पाचजण मिळून, तेलाचे रिकामे डबे बडवत, मोठमोठ्याने बोलत शेतात जायची. आता दिवा नाही ना लागला, मग एकेकटी जाऊ लागली. बडवायचे डबे घरात पडले. देवरावभाऊंनी कुऱ्हाड नेणं सोडलं. मी मावशींना हे फोनवर कौतुकाने सांगितलं. "एकटे जाऊन राहिले?" त्या म्हणाल्या. "असं नको व्हायला." का नको, ते त्यांनाही तेव्हा नीट सांगता आलं नाही.

मग ऐन थंडीत आभाळ भरून आलं आणि भरलेलंच राहिलं. खांबावर अंधार होता. देवरावभाऊ अंधार पडायच्या बेताला एकटेच निघाले, नाला ओलांडून मोटरपाशी गेले, स्टार्टरचं झाकण उघडायला वाकले. मागच्या झाडावरचं माकड खेकसलं. त्यांनी मान वळवली तर समोरच्या धुऱ्यावर, बांधावर, तो बसलेला. बसलेला, उभा नाही. कुठून आला, केव्हाचा बसला आहे, काही नाही. मोटरच्या टिनाच्या खोपटाला आतून कडी नव्हती. देवरावभाऊ आत शिरले आणि दाराच्या पत्र्याची कड दोन्ही हातांनी आत ओढून उभे राहिले. बाहेर पत्र्याला काहीतरी घासून गेलं. एकदा. मग परत एकदा, दुसऱ्या बाजूने. गावातली माणसं ट्रॅक्टर घेऊन, डबे बडवत येईपर्यंत त्यांनी ती कड सोडली नाही. हात सोडवायला दोन माणसं लागली.

पुढे ते माझ्यासोबत नागपूरला आले, हातांना पट्ट्या बांधलेल्या, डबा खताच्या पिशवीत. तक्रार करायला नाही, दुरुस्तीला. मावशींनी डबा उघडला, तारा लावल्या, पाहिलं. काही बिघडलं नव्हतं. ढगांमुळे बॅटरी उतरली होती, एवढंच. नवी बॅटरी लावली की यंत्र एका झटक्यात उठलं.

"दिवा नोता लागला, मावशी," देवरावभाऊ म्हणाले. "म्हून मी बिनधास्त गेलो."

"दिवा लागला नाही म्हणजे वाघ नाही, असं मी कधी म्हटलं होतं?"

"आता हे बी सांगा लागते? लागला नाई म्हनजे नाई."

मावशी खाली बसल्या. खुर्चीवर नाही, फरशीवर. त्यांनी देवरावभाऊंचे पट्ट्या बांधलेले हात पाहिले. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "वाघ नसला तरी अंधार आणि यंत्र मेलं तरी अंधार. मी दोन्हीचं तोंड एक करून ठेवलं." मग माझ्याकडे वळल्या. "मी सगळं छाटत गेले वं. आणि यांचं भेवही छाटून टाकलं. तेच एक लागत होतं." देवरावभाऊ गडबडले. "अवो मावशी, मी का मेलो काय? रडता काहून?" मावशी रडत नव्हत्या. उठून यादी उघडत होत्या.

त्यांनी हिरवा परत घातला. संध्याकाळपासून लाइन जाईपर्यंत तो लुकलुकत राहणार. लुकलुकायचा थांबला तर शेतात जायचं नाही, कारण काहीही असो. याची किंमत होती. उठबशीने बॅटरी लवकर उतरणार, म्हणजे ढगाळ दिवसांत दिवा आधीच्यापेक्षा लवकर मरणार. देवरावभाऊंना हे लगेच कळलं.

"म्हनजे आभाळ आलं का ओलीत बंद?"

"बंद."

"अन् हरभरा वाळून गेला त?"

"वाळू द्या."

"तुमाले म्हनाले काय जाते, मावशी! तुमचा हरभरा दुकानात मिळते."

खरं बोलले ते. मीही तेच म्हणाले, आणखी तिखट शब्दांत. मोठी पाटी घ्यायला पैसे नव्हते, पळसाच्या फांद्यांनी ती पेललीही नसती. मावशींनी वाद घातला नाही. "हे यंत्रच नको होतं," त्या म्हणाल्या. "दिवसा लाइन द्या म्हणावं त्यांना, मग एका ओळीत हे सगळंच नाही. कर्नेल नाही, डबा नाही, मीही नाही. पण ती यादी माझ्या हातात नाही ना." माझ्या पाचशे पत्रकांत हे इतकं सरळ कुठेच लिहिलेलं नव्हतं.

डबा परत बांधायच्या आधी गाव बोलवा, असा त्यांनी हट्ट धरला. शाळेच्या पडवीत माणसं जमली. मी सवयीने घोषणा द्यायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने गप केलं. चार माणसांसमोर कधी बोलल्या नसतील. आवाज इतका कापत होता की मागची माणसं पुढे सरकली.

"मी फार भिते," मावशी म्हणाल्या. काही जण हसले. "कुकरला भिते. कुत्र्याला भिते. लाल दिवा लागला तर भ्यायचं, हे तुम्हाला कळते. हिरवा दिसला नाही तर त्याहून जास्त भ्या. आणि हिरवा दिसला तरी भ्या. चौघं मिळून जा, डबे वाजवा, कुऱ्हाड न्या. या दिव्यावर भरवसा ठेवू नका. तो मी केला आहे आणि मी चुकले आहे." मग त्या देवरावभाऊंकडे पाहत राहिल्या. देवरावभाऊंनी दोन्ही हात वर करून गावाला दाखवले. पट्ट्या निघाल्या होत्या. तळव्यांवर आडवी, जाड रेघ. कोणी हसलं नाही.

त्यानंतर मावशींचे डोळे गेले. एकदम नाही, काचबिंदू होता, कडेकडेने खात आला. डॉक्टरची भीती म्हणून त्या उशिरा गेल्या. हे मला माफ करता येत नाही, त्यांनाही नाही आणि त्या भीतीलाही नाही. पडद्यावरची यादी दिसेनाशी झाली तेव्हा इंदूरहून पुतण्या न्यायला आला. निघताना त्यांनी मसाल्याचा डबा माझ्या हातात दिला आणि वाट्या बोटांनी चाचपून एकेक सांगितलं, कोणतं कार्ड कुठलं. जिना उतरताना त्यांनी माझा दंड धरला होता. खाली गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या, "तू फार मोकळी फिरते वं." एवढंच. गाडी गेली.

दिवसाची लाइन अजून आलेली नाही. आम्ही मोर्चे काढले, निवेदनं दिली, आश्वासनं घेतली. डबा अजून त्या पळसावर आहे.

परवा मी गावात होते. आभाळ भरलेलं. लाइन यायची वेळ झाली तशी पांदणीच्या तोंडाशी माणसं जमली, टॉर्च, कुऱ्हाडी, पायांत गमबूट. खांबावर हिरवा लुकलुकत होता. मग लुकलुकला नाही. आम्ही पुढच्या खेपेची वाट पाहिली. तेव्हाही नाही.

"बॅटरी गेली असन," कोणीतरी म्हणालं.

"असन," दुसरा म्हणाला.

कोणी हललं नाही. तिकडे डीपीचा, ट्रान्सफॉर्मरचा, घुमल्यासारखा आवाज सुरू झाला, म्हणजे लाइन आली. हरभरा फुलावर होता. ही पाळी चुकली की कितीतरी फूल गळणार, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पांदणीतलं गवत वाऱ्याशिवाय हललं, असं मला वाटलं. नसेलही हललं. देवरावभाऊ दगडावर बसले आणि गमबूट काढायला लागले. त्यांचं पाहून बाकीचे घराकडे वळले.

मी मावशींना फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"गेलं का कोणी?"

"नाही मावशी."

"देवराव?"

"गमबूट हातात घेऊन घरी गेले."

"बॅटरी असेल," त्या म्हणाल्या. "नाहीतर त्याने डबा पाडला असेल. इथून काय सांगू."

"दोघांना घेऊन पाहून येऊ का? टॉर्च आहे."

"तू कुठे उभी आहे आता?"

"खांबापाशी."

"एकटी?"

मी मागे पाहिलं. शेवटची टॉर्च वळणावर गेली होती. समोर पांदण, आणि आत काही दिसत नव्हतं. "हो," मी म्हणाले.

"फोन बंद नको करू. पाठ नको दाखवू तिकडे. चाल."

मी पांदणीकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत, देवरावभाऊंच्या दारापर्यंत आले. आत शिरले. कडी लावली.

"लागली का?" मावशींनी विचारलं.

मी ती पुन्हा एकदा ओढून पाहिली, आणि मगच हो म्हणाले.